मोरपंखी बंपर

माझं डोकं लवकर तापतं. हे मीच सांगतोय, म्हणजे घरचे काय सांगत असतील ते समजून घ्या. मी गाड्यांना रंग मारणारा माणूस. राहनाळला रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत माझा संसार. मोबाईलमध्ये नुकतेच कॅमेरे यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. आजूबाजूच्या भातखाचरांवर एकापाठोपाठ एक गोडाऊनं उभी राहत होती, आणि कालपर्यंत सायकल मारणारी माणसं दारात नवी कोरी गाडी उभी करून तिला हार घालत होती. मला काय, बरंच होतं. नवी गाडी आली की महिन्याभरात कुठे ना कुठे घासतेच, आणि घासली की माझ्याकडे येते.

बायको अंजूरची. आम्ही आतल्या गावचे, ते खाडीकडचे. ती भिवंडीत कॉलेजला यायची आणि मी तिथल्याच एका गॅरेजात रिक्षांना काळा-पिवळा मारायचो. आमचं कसं जमलं ते सांगत बसत नाही, पण जमलं. सासरे लग्नाला आले नाहीत. आले नाहीत ते नाहीत, वर चारचौघांत सांगून मोकळे झाले, "त्या रंगाऱ्याच्या घरचं मी पानी पन प्यायचो न्हाय!" याला दोन वर्षं झाली होती. अंजूरहून राहनाळला यायला रिक्षाने कितीसा वेळ लागतो? पण सासऱ्यांचं पाऊल काही आमच्या दाराला लागलं नव्हतं. मीही म्हणायचो, नका येऊ, माझं काय अडलंय! मोठ्याने म्हणायचो, म्हणजे बायकोला ऐकू जाईल.

तिचं मात्र अडलं होतं. तिच्या एकुलत्या एका धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या मेव्हण्याचं लग्न ठरलं होतं. भावाच्या लग्नात बहीण करवली असते. हळदीला त्याच्या शेजारी तीच बसणार, वरातीत कलश घेऊन त्याच्या मागे तीच उभी राहणार. सख्खी बहीण जिवंत असताना सासऱ्यांनी चुलत्याच्या मुलीला करवली ठरवलं होतं.  एका दुपारी बायकोने ट्रंकेतून पिवळी साडी काढली, मांडीवर घेऊन बसली, आणि परत घडी घालून ठेवून दिली. ती तिच्या आईची साडी होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि या साडीवर तिचा फार जीव होता.

असा सगळा मामला असताना एका सकाळी मेव्हणा टेम्पो घेऊन दारात हजर. मागे त्याची स्वतःची छोटी गाडी एक मित्र चालवत आणतोय, आणि टेम्पोत एक भलामोठा खोका.

"दाजी, आधी खोका उघडा," तो म्हणाला. "बोलू नका काय. उघडा."

मी उघडला, आणि खरं सांगतो, मला नाचावंसं वाटलं. आत गाडीचा पुढचा बंपर होता. कंपनीचा नव्हे, वेगळा घेऊन बसवायचा. खाली उतरता ओठ, बाजूंना जाळीच्या जागा, एकदम रेसच्या गाडीसारखा. मुंबईत कुणाच्या तरी ओळखीने त्याने परदेशातून मागवला होता. मी तोवर असले बंपर फायबरचे पाहिले होते. फायबर म्हणजे कडक, टिचकी मारली तर टण वाजणार, दगड लागला की तडकणार. हा मात्र काळा, जड आणि लुसलुशीत. दोन्ही टोकं धरून दाबलं तर वाकायचा, आणि सोडलं की आपोआप जागेवर!

"फायबर न्हाय, युरेथेन हाय," मेव्हणा छाती फुगवून म्हणाला. "रबराचा चुलतभाऊ समजा. मला आख्खी गाडी मोरपंखी पायजे. मोत्याची चमक मारलेला मोरपंखी. वरात ह्याच गाडीतून निघंल."

"आणि तुझे बाबा?"

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. ताईला करवली करा म्हणून तो बापाच्या मागे लागला होता. जेवण सोडलं, रुसून बसला, सगळं करून झालं. शेवटी सासरे वैतागून म्हणाले होते, "येवढा दाजी दाजी करतोस ना? मंग तुझी गाडी दे त्याच्याकडे. धड करून दाखवली तर बघू करवलीचं. न्हायतर परत नाव काढू नको."

बायको मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या अंगात काय संचारलं काय माहीत. "धड?" मी ओरडलो. "धड म्हणजे काय? तुझ्या बापाचे डोळे दिपले नाहीत तर ही रंग मारायची गन खाडीत फेकून देईन!"

हळदीला आठ दिवस होते.

आता आमच्या इथल्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुंबईच्या मोठ्या गॅरेजांत रंग सुकवायला बंद खोली असते, गरम हवेची. आमच्याकडे कुठली? पण भिवंडीत लूम आहेत, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि लूम आहेत म्हणून सायझिंग आहेत. सायझिंग म्हणजे जिथे ताण्याच्या सुताला खळ लावतात आणि वाफेच्या मोठ्या पिंपांवरून फिरवून सुकवतात. त्या पिंपांच्या मागची खोली भट्टीसारखी तापलेली असते. तिथल्या मिस्त्रीशी माझी दोस्ती. त्याची स्कूटर मी रंगवून दिली होती. तेव्हापासून दरवाजा असो, बॉनेट असो, रंग मारला की मी ते त्याच्या खोलीत वाफेच्या पाईपाला टांगायचो. सकाळी टांगलं की जेवायच्या वेळेला पत्र्यावरचा रंग नखाने उकरला तरी निघायचा नाही. मला या युक्तीचा भारी अभिमान होता.

गाडीचा पत्रा मी चार दिवसांत झकास केला. मोरपंखी असा उतरला की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायला लागले. उन्हात निळी, सावलीत हिरवी. मी दर तासाला बाहेर जाऊन लांबून बघून यायचो. बायको हसायची, म्हणायची, "गाडीलाच करवली करा आता."

पाचव्या दिवशी सकाळी बंपर घेतला. खोक्यातून काढला, फडक्याने पुसला, प्रायमर मारला, दोन हात मोरपंखी मारला, वर चकाकीचा लॅकर. सगळं नेहमीसारखं. मग टेम्पोत घालून सायझिंगला नेला आणि मागच्या खोलीत दोन टोकांना दोन तारा बांधून पाईपाला टांगून दिला. बॉनेट टांगतो तसाच. मिस्त्रीला म्हटलं, "जेवून येतो, लक्ष ठेव."

जेवून परत गेलो तर मिस्त्री दारातच उभा. तोंडावर हात.

"उस्ताद, गुस्सा मत होना," तो म्हणाला. "आपका बंपर तो पापड बन गया।"

मी आत धावलो. काय सांगू! बंपर मधोमध खाली लोंबला होता, एक टोक पिळवटून आत वळलं होतं. तो ओठ, ज्याच्यावर मी एवढा खूश होतो, तो एखाद्या म्हाताऱ्याच्या ओठासारखा ओघळला होता. मी घाईघाईने तारा सोडवल्या आणि सरळ करायला म्हणून वाकवला, तर वरचा सगळा रंग कडकड तडकला. उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो ना, तशा भेगा. काही ठिकाणी तर रंगाची खपली निघून आली. म्हणजे रंग नीट चिकटलाच नव्हता.

समोर एक रिकामं पिंप होतं. मी त्याला लाथ मारली. पिंपाला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला. मिस्त्री "अरे अरे" करत राहिला आणि मी सगळ्यांना शिव्या देत सुटलो. बंपरला, बंपर बनवणाऱ्याला, मेव्हण्याला, सासऱ्यांना. आणि शिव्या संपल्यावर हिशेब करायला लागलो. असला दुसरा बंपर भिवंडीत नव्हता, मुंबईत मिळाला नसता, परदेशातून यायला महिना लागला असता. हळद तीन दिवसांवर. सासरे आता काय म्हणणार ते मला तोंडपाठ होतं. पण मला सासऱ्यांचं काही नव्हतं हो. घरी जाऊन बायकोला काय सांगू, हेच कळत नव्हतं.

सांगावं लागलंच नाही. मी लंगडत बंपर उतरवला, ती दारात आली, तिने बघितलं. रडली नाही. भांडलीही नाही, ते तर मला जास्तच लागलं. नुसती म्हणाली, "ह्याच्यासंगती काय कागद-बिगद आला होता का?"

"कसला कागद?"

"नवी वस्तू येते, तिच्यासंगती कागद येतो. कसं कराचं, काय कराचं."

मी आठवायला लागलो. आला होता की. खोक्यात एक चांगला जाडजूड घडीचा कागद होता, इंग्रजीत. आणि तो कुठे गेला तेही आठवलं. रंग मारताना काचा, दिवे झाकायला आम्ही रद्दी पेपर चिकटवतो. पत्रा रंगवताना रद्दी कमी पडली होती. मी तो कागद मेव्हण्याच्या गाडीच्या उजव्या दिव्यावर चिकटवला होता आणि वरून मोरपंखी मारला होता!

ती तडक गाडीपाशी गेली. दिव्यावरचा कागद अजून तसाच होता. तिने नखाने हळूच पट्टी सोडवली, कागद उलटा केला. बाहेरची बाजू रंगाने भरलेली, पण आतली बाजू स्वच्छ राहिली होती, आणि नेमकी तीच कामाची होती. बारावी शिकलेली बायको माझी. उंबऱ्यावर बसून बोट ठेवत ठेवत वाचायला लागली, आणि मी समोर शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा.

"साबणाच्या पान्यानं धुवा. साच्यातून काढताना ह्याला मेणकट काय तरी लावलेलं असतं, ते गेल्याबिगर रंग धरनार न्हाय." तिने मान वर केली. "धुतलात?"

"फडकं मारलं."

"फडकं मारलं," तिने माझी नक्कल केली. "पुढं आयका. रंगात लवचीक कराचं केमिकल घाला, न्हायतर वस्तू वाकंल आनि रंग तुटंल. घातलात?"

"आता कागद मला रंग शिकवणार का?"

"कोनी तरी शिकवाला पायजे की! पुढं काय लिवलंय, साठ डिग्रीच्या वर तापवू नका. सुकवताना आख्ख्या लांबीला खालून आधार द्या, टांगू नका." इथे तिला हसूच आलं. "टांगू नका, असं स्पष्ट लिवलंय ओ!"

मला राग यायला हवा होता. माझ्यासारख्या माणसाला यायलाच हवा होता. पण तिने शेवटची ओळ वाचली आणि मी उडालोच. लिहिलं होतं, आकार बिघडल्यास गरम पाण्याने मऊ करून, गाडीवर जागच्या जागी बसवून, थंड होईपर्यंत धरून ठेवा.

"म्हणजे सरळ होतो?" मी ओरडलो. "अगं, म्हणजे होतो सरळ!"

"ओरडू नका. बंब पेटवा."

आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. तो पेटवायला निघालो. पण त्याआधी जुना रंग काढायचा होता, आणि रंग काढायचं औषध लावलं तर बंपरच खाल्ला जाईल अशी मला भीती. मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात बुडवून घासायचा खरखरीत कागद घेतला, बादली घेतली आणि दोघं घासायला बसलो, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत घासलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच परत बसलो. तिच्या बोटांची सालं निघाली. "राहू दे, मी करतो," म्हटलं तर म्हणाली, "भाऊ माझा हाय." मग साबणाचं पाणी, भांडी घासायच्या काथ्याने तिने तो बंपर असा धुतला की मेण काय, मेणाची आठवण उरली नाही.

मग मी बंब पेटवला आणि बंपर गाडीला नट-बोल्टने कसला. मधला भाग लोंबतोय, टोक आत. तिने त्याच्यावर जुने टॉवेल अंथरले आणि बंबातलं पाणी तांब्याने हळूहळू ओतायला लागली. मी म्हटलं, "अजून कडक आण, उकळतं आण," तर डोळे वटारले. "परत पापड कराचाय का? आंगोळीच्या पान्यापरीस कडक, चायपरीस कमी." बोट बुडवून, लगेच बाहेर काढून ती प्रत्येक तांब्या ओतत होती. आणि तो मऊ व्हायला लागला हो! माझ्या तळहाताखाली मला कळत होतं. मी खालून गुडघा लावला, दोन्ही हातांनी ओठ वर उचलला. टोक बाहेर ओढून लाकडाच्या पट्टीने दाबून धरलं. "थंड!" मी ओरडलो, आणि तिने माठातलं गार पाणी ओतलं, अर्धं बंपरवर, अर्धं माझ्या डोक्यावर. मुद्दाम.

हात सोडला.  बंपर जिथे होता तिथेच राहिला. मी टेपने मोजलं, लांबून बघितलं, गुडघ्यावर बसून बघितलं, पोटावर पडून बघितलं. आणि मग भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, बायकोला उचलून एक गिरकी घेतली. समोरचा गोडाऊनचा वॉचमन टाळ्या वाजवायला लागला.

लवचीक करायचं केमिकल भिवंडीतल्या रंगाच्या दुकानांत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "वो क्या होता है?" मी मोटारसायकल काढली आणि तडक कुर्ल्याला गेलो, पाच दुकानं पालथी घातली, सहाव्यात मिळालं. येताना डबी शर्टाच्या आत छातीशी धरून आणली, जशी काही ती फुटणारच होती.

इकडे बायकोने गोडाऊनमधून टाकून दिलेल्या लाकडी फळ्यांच्या चौकटी आणून ठेवल्या होत्या, माल ठेवायला वापरतात त्या. त्या कापून मी बंपरच्या आकाराचा ओटा बनवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत आधार, कुठे वीतभरही अधांतरी नाही. राहता राहिली धूळ. रस्त्यावर कंटेनरांची धूळ आणि लूमचं उडणारं सूत. ओल्या रंगावर एक तंतू बसला की संपलं. त्याला आमचा उपाय म्हणजे जमिनीवर पाणी मारायचं आणि दाराला ओल्या साड्या टांगायच्या. तिने आपल्या साड्या भिजवून टांगल्या, एक, दोन, तीन. शटर मोठं, अजून एका साडीची जागा उघडी होती. ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती पिवळी साडी होती.

"ती ठेव," मी म्हटलं.

"लांब हाय ही. पुरंल."

"ती ठेव म्हणतो ना! ती हळदीला नेसायचीय तुला!"

"बोलावलंय का कोनी?" ती शांतपणे म्हणाली आणि साडी बादलीत बुडवली.  तिने साडी पिळली, झटकली, टांगली. मी गन हातात घेतली, खाली ठेवली, हात धुऊन परत घेतली.

यावेळी घाई केली नाही. माझ्या जन्मात पहिल्यांदा केली नाही. एक पातळ हात, मग थांबायचं. बायको बाहेर बसून घड्याळ बघायची आणि सांगायची, "आता मारा." परत पातळ हात, परत थांबायचं. शेवटी लॅकर. मग सायझिंग नाही, भट्टी नाही, काही नाही. ओट्यावर पडून राहू दिला, नुसता वाऱ्यावर. मी दर दहा मिनिटांनी बोट लावायला जायचो आणि ती हातावर चापट मारायची. आम्ही जेवलोही आळीपाळीने, कुणी मांजर-बिंजर आत शिरू नये म्हणून.

हळदीच्या दिवशी सकाळी मी गॅरेजच्या आतच बंपर गाडीला बसवला, आणि गाडी अशी दिसायला लागली की मला तिच्याकडे एकटक बघवेना. निळी म्हणावी तर हिरवी, हिरवी म्हणावी तर निळी, आणि बंपर तिच्यातूनच उगवल्यासारखा. मी पॉलिशचं फडकं फिरवत होतो, बायको पडद्यांवर पाणी मारत होती, कारण रस्त्याची धूळ काही थांबत नव्हती. मेव्हणा नवरदेव, त्याला आता घराबाहेर पडता येत नव्हतं. गाडी न्यायला कुणीतरी येणार होतं.

रिक्षा थांबली आणि सासरे उतरले.

दोन वर्षांत पहिल्यांदा. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, तोंड लाल. मिस्त्रीची ती पापडाची गंमत राहनाळहून फिरत फिरत अंजूरला पोचली होती म्हणे, आणि पोचेपर्यंत आख्ख्या गाडीचाच पापड झाला होता. "काय केलंस माज्या पोराच्या गाडीचं?" असं ओरडतच ते दारापर्यंत आले आणि दारातच थांबले. गाडीकडे बघायच्या आधी त्यांना साडी दिसली.

ओली, पाणी ठिबकणारी, शटरच्या आकड्यांना अडकवलेली पिवळी साडी. त्यांनी ती ओळखली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, त्यांनी ती लगेच ओळखली.

"ही तुज्या आयशीची साडी," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "ही... गॅरेजला टांगलीस? पडदा केलास?"

बायकोच्या हातात पाण्याचा मग होता. तो तिने खाली ठेवला. "धूळ यायची बंपरवर. तुमच्याच पोराच्या," ती म्हणाली. "नेसाला कोनी बोलावलं न्हाय, मंग टांगली."

मला वाटलं आता ते तिच्यावर हात उगारणार. मी फडकं टाकून मधे आलो. त्यांना माझ्यावर उगारायचा होता, तेही जमलं नाही. राग कुठेतरी काढायलाच हवा होता, ते मला कळत होतं, मी स्वतः तसलाच. त्यांनी आत उभ्या गाडीकडे वळून चपलेचा पाय उचलला आणि सगळ्या ताकदीने बंपरला लाथ घातली.

भक्क! बंपर हातभर आत गेला. मी डोळे मिटले. तीन दिवस, तिची बोटं, कुर्ला, सगळं गेलं. आणि कानावर दुसरा आवाज आला, "बुडुप" असा, आणि डोळे उघडले तर बंपर जागेवर. जसाच्या तसा! ना भेग, ना खपली. चपलेची धूळ तेवढी उमटली होती.

सासरे बघत राहिले. मीही बघत राहिलो. त्यांनी परत एक लाथ मारली, यावेळी हलकी, नुसती बघायला. आत गेला, बाहेर आला. मग खाली बसले, अंगठ्याने दाबलं, धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि रंगावरून तळहात फिरवला.

"फुटला कसा न्हाय?" ते कुणाकडेच न बघता म्हणाले.

आणि मी सुटलो! दोन वर्षं ज्या माणसाशी शब्द बोललो नव्हतो, त्याला मी साबणापासून सांगायला लागलो. मेण, केमिकल, पातळ हात, बंबाचं पाणी, टांगायचा नसतो, तापवायचा नसतो. हातवारे करत, लाळ उडवत. "आणि हे सगळं मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "मी वाटोळंच केलं होतं. कागद हिने वाचला. घासला हिने, पाणी हिने ओतलं. मी नुसता रंगारी!"

ते उठले. दारापाशी गेले आणि साडीचं टोक हातात घेतलं. पदरावर, काठाजवळ, मोरपंखी रंगाचा वाटाण्याएवढा एक थेंब उडाला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग आकड्यातून साडी स्वतःच्या हातांनी सोडवली, एक, दोन, तीन, चार आकडे, आणि तिच्या खांद्यावर टाकली.

"हळद संध्याकालची हाय," ते म्हणाले. "वली साडी नेसून करवली येते का कुठं?"

ती तिथेच उभी. तिच्या खांद्यावरून पाणी गळतंय की डोळ्यांतून, ते कळायला मार्ग नव्हता. आणि मला अजिबात दम निघेना. मी साडी ओढून घेतली. "अवो, उन्हात वाळंल की!" ती मागून ओरडली, पण मी मोटारसायकलला किक मारली होती. सायझिंगमध्ये शिरलो, मागच्या खोलीत पाईपावर साडी पसरली. मिस्त्री म्हणाला, "उस्ताद, अब इसका भी पापड?" मी त्याला मिठी मारली. तो इतका घाबरला की बाजूला होऊन पाणी प्यायला. पाईपावर साडी वाफाळत होती, मी ती फिरवत होतो, उलटत होतो, आणि एकटाच हसत होतो. अर्ध्या तासात सुकून कडकडीत झाली, इस्त्री केल्यासारखी.

साडी शर्टाच्या आत घालून परत आलो. गाडीशेजारी, रंगाच्या उलट्या डब्यावर सासरे बसले होते. समोर बायको उभी. मधे जमिनीवर आमचा तांब्या, रिकामा.

मी तांब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिने फक्त मान हलवली, हो म्हणून.

"पानी मचूळ हाय रं तुमचं," सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, आणि तांब्या उचलून परत तिच्यापुढे धरला.